गतीचा लगाम : वेगवान मोटारीच्या कॅलिपरची दुरुस्ती व निगा



मोटारीच्या वेगाचें कौतुक सर्वांनाच असतें. ताशीं दोनशें किलोमीटर धांवणारी गाडी रस्त्यानें गेली कीं लहानथोर मान वळवून तिच्याकडे पाहतात. परंतु ती गाडी थांबते कशी, याचा विचार करणारा शंभरांत एखादाच. वास्तविक पाहतां, घोड्यावर बसणारा शहाणा माणूस आधीं लगाम तपासतो आणि मग टाच मारतो. मोटारीचा लगाम म्हणजे ब्रेक, आणि त्या लगामाची मूठ म्हणजे चाकाच्या आड दडलेला कॅलिपर नांवाचा धातूचा ठोकळा. तो खोलावा कसा, पुन्हा जुळवावा कसा आणि वर्षानुवर्षें निर्दोष ठेवावा कसा, एवढ्यापुरताच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी व्यवसायानें शाळामास्तर, यंत्रज्ञ नव्हें. माझा पुतण्या जर्मनींत श्टुटगार्ट येथें नोकरीस आहे. त्याच्यापाशीं तीस वर्षांपूर्वीची एक वेगवान गाडी आहे. गेल्या हिवाळ्यांत तिचे चारहि कॅलिपर खोलून नव्यानें जुळवण्याचें काम त्यानें एका अनुभवी वृद्ध कारागिराच्या देखरेखीखालीं केलें, आणि मी तेथें हरकाम्या म्हणून उभा होतों. पास्कलचा नियम मीं जन्मभर फळ्यावर लिहिला. तो हातांत धरून पाहण्याचा योग मात्र त्या हिवाळ्यांत आला. त्या कामांतून जें समजलें तें आज क्रमानें सांगतों.

प्रथम ब्रेकचें काम केवढें मोठें आहे तें पाहूं. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असेल तर तिच्या अंगीं जी गतिशक्ति असते, तिचें पूर्णपणें उष्णतेंत रूपांतर केलें तर सुमारें दोन लिटर पाणी नेहमींच्या तपमानापासून उकळीपर्यंत तापेल. वेग दुप्पट झाला तर शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे ताशीं २०० किलोमीटरवरून थांबतांना सुमारें आठ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता अवघ्या कांहीं सेकंदांत चार चाकांपाशीं निर्माण होते. स्वयंपाकघरांतला मोठा हंडा तापायला किती वेळ लागतो हें गृहिणींना ठाऊक आहेच. त्यावरून या लहानशा यंत्रावर काय प्रसंग येतो याची कल्पना करावी.

पूर्वीं बहुतेक मोटारींना डबीसारखे बंद ब्रेक असत. डबींतली उष्णता लवकर बाहेर पडत नसे, आणि उतारावर वारंवार ब्रेक लावले कीं त्यांचा जोर ओसरे. उघड्या फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरण्याची कल्पना इंग्रज यंत्रज्ञ फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच नोंदवून ठेवली होती. परंतु त्यानें योजलेल्या तांब्याच्या पट्ट्या कर्कश ओरडत व लवकर झिजत, म्हणून ती मागें पडली. पुढें १९५२ सालीं फ्रान्समधील रँस येथील शर्यत स्टर्लिंग मॉसनें डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडींतून जिंकली. १९५३ सालीं ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं अशाच गाडींतून ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरी राखून विजय मिळवला. ती गाडी इतरांपेक्षां उशिरां ब्रेक लावूं शके, आणि उशिरां लावूनहि वेळेवर मंदावे. त्यानंतर या ब्रेकची उपयुक्तता कोणाला पटवून द्यावी लागली नाहीं.

आतां कॅलिपरची रचना पाहूं. १९९३ ते १९९८ या काळांत झालेल्या, हवेनें थंड होणाऱ्या अखेरच्या पोर्शे ९११ गाड्यांचें उदाहरण घ्या. त्यांच्या प्रत्येक चाकापाशीं ॲल्युमिनियमचा एक घट्ट बसवलेला कॅलिपर असतो व त्यांत चार पिस्टन असतात. दोन डिस्कच्या आंतल्या अंगास व दोन बाहेरच्या. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब पडतो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हाच पास्कलचा नियम. समजा, नळींतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो आहे व पिस्टनचा व्यास ४ सेंटिमीटर आहे. त्याचें क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. म्हणून एक पिस्टन सुमारें सव्वासहाशें किलोच्या जोरानें पुढें येईल. एका अंगाचे दोन मिळून साडेबाराशें किलो, आणि तितकाच जोर पलीकडून. या चिमट्यांत डिस्क सांपडते. चारहि पिस्टन मात्र एकाच मापाचे नसतात. डिस्क ज्या टोकानें आंत शिरते तेथें लहान व जेथून बाहेर पडते तेथें मोठा पिस्टन ठेवतात, म्हणजे पॅड तिरका न झिजतां सारखा झिजतो.

एवढ्या जोरानें पुढें आलेला पिस्टन पाय उचलतांच मागें कसा जातो? तेथें स्प्रिंग नसते. हें काम सिलिंडरच्या खांचेंत बसवलेली चौकोनी छेदाची एक रबरी कडी, म्हणजे सील, करतें. मुलांच्या दप्तरांतलें खोडरबर घ्या, त्यावर बोट दाबून धरा आणि बोट किंचित् पुढें सरकवा. बोट न घसरतां रबराचा पृष्ठभाग बोटाबरोबर ओढला जाईल, आणि जोर सोडतांच परत जागेवर येईल. पिस्टनभोवतींचें सील नेमकें हेंच करतें. पिस्टन पुढें जातांना तें मुरडतें, आणि दाब सुटतांच सरळ होऊन पिस्टनला केसभर मागें ओढतें. द्रव अडवणें आणि पिस्टन परत आणणें हीं दोन्ही कामें या एका कडीचीं. ती जुनी होऊन ताठरली, किंवा तिच्या खांचेंत घाण सांचली, तर पिस्टन मागें येत नाहीं. पॅड डिस्कला घांसत राहतो, चाक तापतें, तापल्यानें रबर अधिक बिघडतें, आणि दुखणें आपल्याच पायांनीं वाढत जातें.

या दुखण्याचीं लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढते. एका चाकाचा पॅड दुसऱ्यापेक्षां आधीं संपतो. पेडल स्पंजासारखें मऊ लागतें. फेरफटका मारून आल्यावर चाकांजवळ हात नेला, स्पर्श न करतां, तर एकाची धग अधिक जाणवते. जर्मनींत दर दोन वर्षांनीं मोटारींची सक्तीची तपासणी होते व तींत फिरत्या रुळांवर डाव्या आणि उजव्या चाकांच्या ब्रेकचा जोर वेगवेगळा मोजतात. डावें दुबळें व उजवें सबळ असें तेथें लपून राहत नाहीं.

परंतु चाक अडकलें म्हणजे कॅलिपरच दोषी, असा निकाल घाईनें देऊं नये. अडकलेलें चाक उचलून धरावें आणि कॅलिपरचें हवा काढण्याचें निपल क्षणभर सैल करावें. चाक मोकळें झालें तर द्रवाचा दाब मागें कोठें तरी कोंडला आहे असें समजावें. पुष्कळदां रबरी नळी आंतून सुजलेली असते व ती द्रवाला जाऊं देते पण परतूं देत नाहीं. निपल सैल करूनहि चाक अडलेलेंच राहिलें तर दोष पिस्टनचा किंवा पॅडचा. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा पुष्कळ श्रम व पैसा वांचवते.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी जॅकवर उचलून तिच्याखालीं हात घालणें हा जिवाशीं खेळ आहे. सपाट जमीन, न उचललेल्या चाकांना पाचर आणि उचललेल्या अंगाखालीं भक्कम लोखंडी घोडी, एवढें झाल्यावरच चाक काढावें. ब्रेकची धूळ फुंकरीनें किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये. जुन्या पॅडमध्यें ॲस्बेस्टॉस असे, व नव्यांची धूळहि फुफ्फुसांना हितकर नाहीं. ती ओल्या फडक्यानें पुसावी. मग अडकवणीचे खिळे काढून पॅड बाहेर घ्यावेत.

पिस्टन बाहेर काढण्याचा सोपा व सुरक्षित मार्ग म्हणजे नळी सोडण्यापूर्वीं गाडीच्याच पेडलनें ते पुढें आणणें. कित्येक लोक कॅलिपर सोडवून घेतात व त्यांत कॉम्प्रेसरची हवा सोडतात. येथें विज्ञानाचा एक धडा लक्षांत ठेवावा. द्रव जवळजवळ दाबला जात नाहीं, म्हणून त्यांत शक्ति सांठत नाहीं. हवा दाबली जाते व ताणलेल्या धनुष्याप्रमाणें शक्ति धरून बसते. म्हणून हवेनें सुटलेला पिस्टन बाणासारखा येतो व मधें बोट असेल तर तें चिरडतो. हवा वापरावीच लागली तर अगदीं बेताची वापरावी, डोळ्यांना चष्मा असावा व पिस्टनांच्या मधोमध लाकडी फळीचा तुकडा ठेवावा. त्या फळीचा दुसराहि उपयोग आहे. चार पिस्टन एकदम कधींच निघत नाहींत. जो सैल तो आधीं पळतो, आणि तो एकदां सर्वस्वीं बाहेर पडला कीं दाब निसटून उरलेले तिघे जागच्या जागीं राहतात. फळी असली म्हणजे पहिला तिच्यावर टेकून थांबतो व मागाहून आळशांनाहि यावें लागतें. कोणता पिस्टन कोणत्या घरांतला, याची खूण करून ठेवावी.

दोन अर्धांचा कॅलिपर असेल तर मधले बोल्ट काढून तो फोडण्याचा मोह होतो. सांध्यांतून गळती नसेल तर तो मोह आवरावा. सगळा जोर त्या बोल्टांवर असतो, व ते किती आवळावेत याचा खात्रीचा आंकडा हातीं नसतां त्यांना हात लावूं नये.

जुनें सील काढतांना दाभण किंवा लोखंडी टोचा वापरूं नये. लांकडाची अगर प्लॅस्टिकची बोथट काडी पुरते. कारण खांचेवर उठलेला एक ओरखडाहि गळतीला वाट देतो. येथें एक बारकावा सांगतों, तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. डबीच्या ब्रेकमध्यें रबर पिस्टनबरोबर सरकतें, म्हणून तेथें सिलिंडरची भिंत गुळगुळीत असावी लागते. या कॅलिपरमध्यें सील भिंतींतल्या खांचेंत स्थिर असतें व पिस्टन त्यांतून सरकतो. म्हणून येथें खरी परीक्षा पिस्टनच्या पृष्ठभागाची. त्यावर गंजाचे खड्डे, ओरखडे किंवा उडालेला मुलामा दिसला तर तो पिस्टन टाकून नवा घ्यावा. घांसून गुळगुळीत करण्याच्या नादांत मुलामा जातो व माप कमी होतें. भिंतीवरील किरकोळ डाग चालतील. खांचेंतला चालणार नाहीं.

ॲल्युमिनियमच्या कॅलिपरना आणखी एक व्याधि जडते. पॅड ज्या कडांवर सरकतात तेथें झीज होऊं नये म्हणून पातळ पोलादी पट्ट्या स्क्रूनें बसवलेल्या असतात. युरोपांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. तें खारट पाणी पट्टीखालीं शिरलें कीं दोन भिन्न धातूंच्या संगतीनें ॲल्युमिनियम कुजूं लागतें व त्याची पांढरी भुकटी सांचते. भुकटीला मूळ धातूपेक्षां अधिक जागा लागते. ती पट्टीला खालून उचलते, आणि पॅडची जागा अरुंद होऊन तो आवळला जातो. कोंकणच्या खाऱ्या हवेंतहि ॲल्युमिनियमची हीच दशा होते. अशा वेळीं पॅडचे कान कानशीनें घांसून तो कसाबसा बसवणारे लोक आहेत. घर वांकलें म्हणून दार तासण्यासारखेंच तें. थोड्या महिन्यांनीं पॅड पुन्हा अडकतो. योग्य उपाय एकच. पट्ट्या काढाव्यात, खालची भुकटी पार खरवडावी, जागा सपाट करावी व नव्या स्क्रूंनीं पट्ट्या पुन्हा बसवाव्यात. जुने स्क्रू बहुधा धरून बसलेले असतात. त्यांना थोडी ऊब द्यावी व धीर धरावा. डोकें तुटलेला स्क्रू दिवसभराचें काम वाढवतो.

आतां स्वच्छता. आपण सर्व ‘ब्रेक ऑइल’ म्हणतों, पण या गाड्यांत जो द्रव असतो तो ऑइल मुळींच नव्हे. तो ग्लायकॉल जातीचा असून सीलचें रबर त्याला मानवेल असेंच केलेलें असतें. त्या रबराला खनिज तेल म्हणजे विष. रॉकेल, पेट्रोल, इंजिनचें ऑइल किंवा साधें ग्रीस लागलें कीं तें फुगतें व निकामी होतें. म्हणून कॅलिपर आंतून धुवायला स्पिरिट किंवा ताजा ब्रेकचा द्रवच घ्यावा व भाग धागे न सोडणाऱ्या फडक्यानें कोरडे करावेत. नवें सील ताज्या द्रवांत बुडवून खांचेंत बसवावें व त्याला पीळ पडला नाहीं ना, हें बोट फिरवून पाहावें. पिस्टनला तोच द्रव लावून तो अंगठ्यांनीं सरळ आंत ढकलावा. तिरका झाला तर हातोडी उचलूं नये. बाहेर घेऊन पुन्हा सरळ धरावा. सर्व ठीक असेल तर तो अंगठ्यांच्याच बळानें, गोडीनें, आंत जातो. शेवटीं धुळीची रबरी टोपी तिच्या कडेंत नीट बसवली कीं एक घर पुरें झालें.

कॅलिपर गाडीवर चढवतांना हवा काढण्याचीं निपलें वरच्या अंगास आलीं पाहिजेत. डावा उजवीकडे लागला तर तीं खालीं जातात, हवा वर कोंडून राहते, आणि लहानमोठ्या पिस्टनांचा क्रमहि उलटतो. बोल्ट कारखान्याच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें टॉर्क पान्यानेंच आवळावेत. मनगटाच्या अंदाजावर विसंबूं नये.

मग हवा काढणें. एकानें पेडलवर बसावें, दुसऱ्यानें निपलपाशीं. आमच्याकडे पुतण्या खालीं होता व मी आंत.

“काका, दाबा.”

“दाबलें.”

“धरून ठेवा हं... आतां सोडा.”

निपल बंद झाल्याची खूण मिळेपर्यंत पाय उचलावयाचा नाहीं, एवढाच नियम. नाहीं तर गेलेली हवा परत आंत ओढली जाते. बाहेर येणाऱ्या द्रवांत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हें चालू ठेवावें. चार पिस्टनांच्या कॅलिपरला बहुधा आंत एक व बाहेर एक अशीं दोन निपलें असतात. दोन्हीकडून हवा काढावी. वरची टाकी रिकामी होऊं देऊं नये, झाली तर सगळे श्रम पुन्हा. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडला तर रंग खातो. लगेच पाण्यानें धुवावा.

एक इशारा विशेष आग्रहानें देतों. काम संपल्यावर पॅड डिस्कपासून दूर असतात. पहिल्यानें दाबलेलें पेडल थेट खालीं जातें व गाडी थांबत नाहीं. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वीं, जागेवरच, पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावें. मग कोणी जोरानें दाबून धरावें व दुसऱ्यानें प्रत्येक सांधा दिव्यानें न्याहाळावा. एक थेंबहि दिसला तर गाडी हालवूं नये. पहिली चक्कर मोकळ्या जागेंत व मंद वेगानें घ्यावी. नवे पॅड असतील तर त्यांच्या कारखान्यानें सांगितल्याप्रमाणें बेताचे ब्रेक अनेकदां लावून, मधें थंड होऊं देऊन, ते डिस्कशीं जुळवून घ्यावेत.

एवढें झाल्यावर निगा सोपी आहे. ब्रेकचा द्रव हवेंतील ओलावा शोषतो. डॉट ४ जातीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळतां कामा नये अशी अट आहे. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलें कीं ती मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या उतारावर तो उकळला तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल रिकामें खालीं जातें. म्हणून दर दोन वर्षांनीं तो बदलावा, मग गाडी थोडी चाललेली असो कीं पुष्कळ. डॉट ५ हा सिलिकोनचा निराळा द्रव आहे, तो यांत मिसळूं नये, ५.१ मात्र ग्लायकॉलच्याच कुळांतला. वर्षांतून एकदां पॅड काढून त्यांच्या जागा पुसाव्यात व धुळीच्या टोप्या फाटल्या नाहींत हें पाहावें. चाकें उजळण्यासाठीं तीव्र आम्लें वापरूं नयेत. आणि गाडी महिनोन्‌महिने झांकून ठेवूं नये. वापराविना पिस्टन जागीं धरतात.

हें सर्व श्रीमंतांच्या गाड्यांपुरतेंच आहे असें मात्र समजूं नका. अनेक वेगवान मोटारींना कॅलिपर पुरवणारा ब्रेंबो कारखाना १९६१ सालीं इटलींत बर्गामोजवळ सुरू झाला. आज त्याची एक शाखा पुण्याजवळ चाकणला दुचाकींचे ब्रेक तयार करते. आपल्या दारांतल्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला डिस्क असेल, तर तेथेंहि पिस्टन आहे, तीच रबरी कडी आहे आणि तोच ओलावा शोषणारा द्रव आहे.

आतां शेवटचा प्रश्न : हें काम ज्यानें त्यानें घरीं करावें काय? माझें उत्तर असें कीं, समजून सर्वांनीं घ्यावें. हातीं मात्र त्यानेंच घ्यावें ज्याच्या पाठीशीं जाणता माणूस उभा आहे. त्या वृद्ध कारागिरानें पुतण्याचा एकहि बोल्ट स्वतः आवळला नाहीं, पण स्वतः तपासल्यावांचून एकहि सोडला नाहीं. इतर यंत्रें बिघडलीं तर गाडी जागीं उभी राहते व फार तर आपली खोळंबा होतो. ब्रेक बिघडला तर गाडी उभी राहत नाहीं, आणि त्याचें मोल पुष्कळदां रस्ता ओलांडणारें दुसऱ्याच कोणाचें मूल देतें. रबराच्या चार कड्या, ताजा द्रव आणि दोन दिवसांचे प्रामाणिक श्रम, एवढाच या कामाचा खर्च. वेगाची हौस ज्याला असेल त्यानें तो आनंदानें करावा.